स्पोर्ट्स कारचे टायर घेताना आधी पावसाळा आठवा

पुण्यात स्पोर्ट्स कारला नवे टायर घालायचे, तर कोरड्या रस्त्यावरची पकड नंतर बघा, आधी पाणी बघा. जुलैत ताम्हिणी घाटात वळणावर रस्त्यावरून पाणी वाहत असतं. ट्रॅकसाठीच्या टायरला खाचा कमी असतात. ते पाणी पटकन बाहेर फेकत नाहीत आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते. टायर रुंद असेल तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून रोजच्या गाडीला लांब, खोल खाचांचेच टायर घ्या, दिसायला साधे वाटले तरी. कायद्याने किमान खाच १.६ मिलिमीटर लागते, पण मी ३ वरच बदलतो.

माप दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. पुढचं आणि मागचं बहुतेकदा वेगळं असतं. वेगाचं अक्षर (टायर किती वेग सोसतो) आणि भार क्रमांक (किती वजन पेलतो) मूळ टायरपेक्षा खाली नको. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००.

दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे स्वतः वाचा. ते टायर कधी बनला ते सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. 'स्वस्तात देतो' म्हटलं, तर हे आधी तपासा.