ट्रेपोनेमल चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सिफिलिसचं निदान लिहू नका

टांझानियातल्या न्यारुगुसु निर्वासित छावणीतून अमेरिकेला निघालेल्या कांगोली कुटुंबांच्या आरोग्य तपासण्या मी केल्या. या कामात नव्याने येणाऱ्यांनो, छातीचा एक्स-रे, थुंकी, लसी हे सगळं तुम्हाला महिनाभरात जमेल. अडाल ते सिफिलिसपाशी, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या उपदंशापाशी.

ट्रेपोनेमल चाचणी, म्हणजे सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची चाचणी, एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते, उपचार पूर्ण झाले तरी. म्हणून आरपीआर या रक्ताच्या दुसऱ्या चाचणीचा टायटर (प्रतिपिंडांचं प्रमाण) बघा, आधी इंजेक्शनं घेतली होती का विचारा, अंग नीट तपासा. एवढं करूनही यॉजचा पेच उरतो. लहानपणी कातडीला कातडी लागून होणारा हा आजार कांगोत आजही आहे. लैंगिक संबंधांशी त्याचं काही नातं नाही, पण जंतू सिफिलिसच्याच कुळातला, त्यामुळे दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह येतात. रक्तावरून फरक कळत नाही. शंका असेल तर सिफिलिस धरून उपचार करा. मात्र समोरच्या बाईला ‘हे संबंधांतूनच आलंय’ असं कधीही ठासून सांगू नका. दुभाष्या त्याच छावणीतला असतो. शब्द बाहेर फुटला तर संसार मोडतो, मारहाण होते. नवऱ्याला बाहेर बसवा, दुभाषी बाईच मागा. साहेब घाई करतील, करू द्या.

उपचाराला घाबरू नका. बेन्झाथिन पेनिसिलीन २४ लाख युनिट, स्नायूत. आजार किती जुना ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. गरोदर बाईला पेनिसिलीनच, अ‍ॅलर्जी असेल तर आधी डिसेन्सिटायझेशन, म्हणजे थोडं थोडं औषध वाढवत शरीराला त्याची सवय लावणं. उपचार झाले की माणूस अमेरिकेला जाऊ शकतो, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा. एचआयव्हीमुळे अमेरिकेचं दार बंद होतं ही अफवा छावणीत कानावर आली तर तीही खोडा. ती बंदी जानेवारी २०१० मध्येच उठली.

सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या तक्त्यावर विसंबू नका. वयोगट आणि सक्तीच्या चाचण्या बदलतात. सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, मूळ सूचना वाचा. खरं शिकायचं तर लॅबमधल्या जुन्या टेक्निशियनजवळ बसा. अंगावर पुरळ आणि आरपीआर निगेटिव्ह असेल तर सीरम पातळ करून पुन्हा लावायला सांगा, कारण प्रतिपिंडं फार झाली की चाचणी फसते.

तीन इंजेक्शनं ठरली की त्याच दिवशी प्रवासाची तारीख बघणाऱ्यांना कळवा. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत दोन आठवडे लागतातच.