गो-लाइव्हच्या मीटिंगमधे गप्प बसलेल्यांना बोलतं कसं करायचं

रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायच्या, आदल्या दिवशीची गो-नो-गो मीटिंग (चालू करायचं की थांबायचं हे ठरवणारी) बहुतेक टीममधे अशी होते. मॅनेजर स्टेटस वाचतो, लीड म्हणतो आमच्याकडून ग्रीन, मग प्रश्न येतो "कुणाला काही ऑब्जेक्शन?" आणि तीन सेकंद शांतता गेली की झालं, गो. खरं काय ते नंतर खाली टपरीवर कळतं, चहा घेताना टेस्टिंगमधली मुलगी म्हणते की पेमेंटचा रिट्राय (फसलेलं पेमेंट पुन्हा करून बघणं) अजून नीट तपासलाच नाहीये, पण सर एवढे ठाम होते म्हणून म्हटलं जाऊ दे. म्हणजे ज्याने निर्णय बदलला असता ती माहिती त्या मीटिंगमधेच बसली होती. ती माहिती बाहेर काढणं हे मीटिंग चालवणाऱ्याचं काम आहे आणि ते शिकता येतं.

आदल्या दिवशी चार ओळींची मेल टाका. निर्णय नक्की कशाचा आहे, तो कोण घेणार (एकच नाव लिहा, "सगळे मिळून ठरवू" म्हणजे कुणीच ठरवत नाही), मत कुणाकुणाचं घ्यायचंय, आणि एकमत नाही झालं तर काय धरायचं. ही शेवटची ओळ लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे.

का ते चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाच्या गोष्टीवरून कळतं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री नासा आणि यानाचे बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेट) बनवणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी यांची फोनवर मीटिंग झाली. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती आणि थायोकॉलच्या इंजिनिअरांचं म्हणणं होतं की ५३ डिग्री फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली उडवू नका, बूस्टरच्या सांध्यातली रबराची ओ-रिंग थंडीत कडक होते. नासाच्या लोकांना हे पटेना, मग थायोकॉलने पाच मिनिटं मागून घेतली ती अर्धा तास चालली, त्यात शेवटी मॅनेजर लोकांनीच आपापसात ठरवलं, इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला तर इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल असं सांगितलं गेलं, आणि परत लाइनवर येऊन ते हो म्हणाले. कुणाचं वेगळं मत आहे का असं नासाने विचारलंसुद्धा. कुणीच बोललं नाही. सकाळी यान उडालं, ७३ सेकंदांनी हवेत फुटलं आणि आतले सातही जण गेले. विरोध करणाऱ्यांतला एक इंजिनिअर रॉजर बॉइजोली, त्याने नंतर सांगितलं की एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री मात्र ते असुरक्षित आहे हे आम्ही सिद्ध करावं अशी अपेक्षा होती.

आपल्या रिलीजमधे सहसा जीव जात नाहीत, पण प्रश्न अस्साच उलटा फिरतो. तारीख क्लायंटला सांगून झालेली असते आणि शंका काढणाऱ्याला विचारलं जातं की फेल होईलच याचा पुरावा आहे का तुझ्याकडे, आता दोन वर्षांचा अनुभव असलेला पोरगा तो कुठून आणणार? म्हणून मेलमधेच लिहून टाका: रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं) एकदा करून बघितलेला नसेल, लोड टेस्टचा (एकदम खूप लोक आले तर सिस्टिम टिकते का त्या चाचणीचा) रिपोर्ट हातात नसेल, रात्री सपोर्टला कोण बसणार हे ठरलेलं नसेल, तर नो-गो. मग वाद माणसांशी होत नाही.

आता प्रत्यक्ष मीटिंग. बोलण्याआधी लिहायला लावा. प्रत्येकाने १ ते ५ मधे आकडा टाइप करायचा, ५ म्हणजे पूर्ण खात्री, आणि ५ नसेल तर का नाही याची एक ओळ. एंटर मात्र कुणी दाबायचं नाही, तुम्ही सांगितलं की सगळ्यांनी एकदम. एस्टिमेशनला (कामाचा अंदाज काढताना) प्लॅनिंग पोकर खेळतात, म्हणजे प्रत्येकजण आपला अंदाज पत्त्यावर दाखवतो, तेव्हा पत्ते एकदम उलटायचे ते याचसाठी, लीडचा आकडा आधी दिसला की बाकीचे त्याच्या जवळपासचाच टाकतात. आणि कृपा करून सरासरी काढू नका. ४, ४, ५, ४ आणि २ आले तर सरासरी ३.८ येते आणि दिसायला छान दिसते, पण तुमच्या कामाचा आकडा तो २ आहे. आधी त्यालाच बोलू द्या.

"तुझा २ का गं?"
"सर, पेमेंटचा रिट्राय चेक झालेला नाही. बँकेचा टेस्टिंगसाठीचा सँडबॉक्स दोन दिवस बंद होता."
"किती वेळ लागेल?"
"आज चालू झालाय, उद्या दुपारपर्यंत होईल."

एवढंच असतं बऱ्याचदा. रिलीज सकाळऐवजी संध्याकाळी करायचा, विषय संपला.

बोलताना क्रम ज्युनिअरपासून वर, मॅनेजर सगळ्यात शेवटी. आणि क्लायंट कॉलवर नसेल तर मराठीत, हिंदीत बोलू द्या ना. लातूर-नांदेडकडून आलेली कितीतरी पोरं कामात एक नंबर असतात पण इंग्लिशमधे वाक्य जुळवेपर्यंत मीटिंग पुढे गेलेली असते. क्लायंटसोबतच्या कॉलआधी टीमचं आपापसात ठरलेलं हवं, अमेरिकेतल्या माणसासमोर आपल्याच लीडला खोडणं इथे कुणालाच जमत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

मोठा रिलीज असेल तर अजून दहा मिनिटं द्या. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची प्रीमॉर्टेमची पद्धत आहे, सांगायचं की समजा सोमवार सकाळ आहे, रिलीज पार फसलाय, का फसला ते लिहा. फसलाय हे गृहीतच धरल्यामुळे शंका काढणारा माणूस निगेटिव्ह ठरत नाही, उलट सगळे जास्तीत जास्त कारणं शोधायला लागतात.

मग ज्याचं नाव मेलमधे आहे त्याने निर्णय सांगायचा, कारणासकट, आणि कुणाची कुठली शंका बाजूला ठेवतोय तेही. मिनिट्समधे (मीटिंगच्या नोंदीत) हे लिहा, आणि कशावरून मागे फिरायचं तेही आत्ताच लिहा, उदाहरणार्थ पहिल्या अर्ध्या तासात शंभरातली दोन पेमेंट फेल झाली तर ऑन-कॉलवाल्याने (त्या वेळी सपोर्टला बसलेल्याने) कुणालाही न विचारता रोलबॅक करायचा. रात्री दोन वाजता परवानगीसाठी मॅनेजरला उठवायला लोक घाबरतात. ज्यांचा विरोध होता त्यांनी निर्णयानंतर मनापासून काम करायचं, आणि पुढे त्यांचं म्हणणं खरं ठरलं तर ते रिट्रोमधे (रिलीजनंतरच्या आढाव्याच्या मीटिंगमधे) मॅनेजरने स्वतः सांगायचं, म्हणजे त्यांच्यावर "मी म्हटलंच होतं" म्हणायची वेळ येत नाही.

हे सगळं प्रत्येक गोष्टीला करू नका. बटणाचा रंग, रिपोर्टचा फॉरमॅट, जे उद्या सहज बदलता येतं ते ज्याचं काम त्याने दोन मिनिटांत ठरवावं.

तुम्ही मॅनेजर नसाल तर? मग मीटिंगच्या आधी लीडला एकट्याला गाठा, आणि "मला जरा भीती वाटतेय" असं न म्हणता अट सांगा: रिट्राय तपासून झाला तर माझा गो, नाही झाला तर नो-गो, दुपारपर्यंत वेळ द्या. तरीही पुढे जायचं ठरलं तर भांडू नका, पण तीच ओळ मेलवर टाका आणि मिनिट्समधे घ्यायला सांगा.