पार्ट सेम, आवाज वेगळा: दोन ट्यूब अँपमधला फरक कसा शोधायचा

फेंडर बासमन ५एफ६-ए आणि मार्शल जेटीएम४५ हे गिटारवाल्यांचे दोन ट्यूब अँप, दोघांचे सर्किट डायग्राम शेजारी ठेवून बघा. व्हॅल्यू जवळपास त्याच, कारण १९६२ ला लंडनमध्ये जिम मार्शलच्या मंडळींनी बासमन समोर ठेवूनच आपला अँप बांधला. तरी दोन्हीवर एकच कॉर्ड मारली की कोणीही सांगेल हे वेगळे आहेत. आणि विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "कपॅसिटर बदल, मलार्ड कंपनीचे जुने पिवळे मिळतात का बघ." मी त्यात पैसे घालून बसलोय, तुम्ही घालू नका.

अँप उघडायच्या आधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात घालू नका, आत ४०० व्होल्टच्या वर असतं. हे जमत नसेल तर सरळ टेक्निशियनकडे द्या.

आधी स्पीकर. बासमनमध्ये १० इंची चार, मागून उघड्या खोक्यात. मार्शलला १२ इंची चार, बंद खोक्यात. जमलं तर दोन्ही अँप एकाच कॅबिनेटवर ऐका, निम्मा वाद तिथेच मिटतो. फक्त ओहम जुळवा, मूळ बासमनला २ ओहमचा लोड लागतो, त्याला १६ चं कॅबिनेट लावून वाजवत बसू नका. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अँप चालू करायचाच नाही.

मग पहिली ट्यूब. बासमनला १२एवाय७, मार्शलला ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. पिना त्याच, पण गेन फॅक्टर (सिग्नल वाढवायची ताकद) एकीचा ४४ च्या आसपास आणि दुसरीचा १००. अदलाबदल करून ऐका, पाच मिनिटांचं काम.

आता जिथे मी तीन आठवडे घालवले ते, निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून परत आत देणं, त्याने अँप ताठ आणि क्लीन राहतो. मी घरी जेटीएम४५ चा क्लोन बांधला होता आणि मित्राकडे बासमनचा होता. माझा ताठ, क्लीन क्लीन आणि मग एकदम फाटणारा, त्याचा हळूहळू मऊ फुटणारा. मी दोन्हीकडचा फीडबॅक रेझिस्टर बघितला, इथेही २७के (२७ हजार ओहम), तिथेही २७के, म्हटलं हे सेम आहे, पुढे चला. चूक इथेच झाली! रेझिस्टर सेम होता पण त्याची वायर येते कुठून हे मी बघितलंच नाही. बासमनमध्ये ती २ ओहमच्या आउटपुटवरून येते, माझ्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टॅपवरून (टॅप म्हणजे त्या ओहमच्या स्पीकरसाठी काढलेली वायर). तेवढ्याच पॉवरला १६ वरचं व्होल्टेज २ च्या जवळपास २.८ पट असतं, म्हणजे त्याच २७के मधून माझ्या अँपला पावणेतीन पट फीडबॅक मिळत होता.

म्हणून नुसती व्हॅल्यू वाचू नका, वायरवर बोट ठेवून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जा. ती थेट टॅपवर आहे की ओहम सिलेक्टरच्या पुढे जॅकवर, हेपण बघा, कारण जॅकवर असेल तर सिलेक्टर फिरवला की फीडबॅकही बदलतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देतो. मी वायर १६ वरून ४ वर आणली, व्होल्टेज निम्मं झालं आणि त्याच संध्याकाळी अँप सैल पडला. वायर हलवायची नसेल तर रेझिस्टर मोठा लावा, मार्शलनेही पुढे ४७के आणि १००के वापरलेच.

एक धोका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नवा बसवला आणि चालू करताच अँप किंचाळला तर ट्यूब फेकून देऊ नका (मी एक चांगली ट्यूब अशीच बाद ठरवली होती). फीडबॅक उलटा लागलाय. लगेच बंद करा, परत डिस्चार्ज करा, पॉवर ट्यूबच्या प्लेटला जाणाऱ्या दोन वायर आपसात बदला. आणि प्रेझेन्सचा नॉब (आवाजातली धार वाढवणारा, तो फीडबॅकवरच चालतो) फिरवून काहीच होत नसेल तर फीडबॅक कुठेतरी तुटलाय समजा.

शेवटी प्लेट व्होल्टेज आणि बायस (काही वाजत नसताना पॉवर ट्यूबमधून किती करंट जातो ते) मोजून दोन्ही अँपचे आकडे लिहून ठेवा. अमेरिकेतला जुना ११७ व्होल्टचा अँप आपल्याकडे स्टेपडाउनवर चालवत असाल तर ट्रान्सफॉर्मरमधून खरंच किती बाहेर येतंय ते आधी बघा, जास्त आलं की बायसचे सगळे आकडे खोटे. एवढं करूनही फरक उरला तर मग खुशाल कपॅसिटरवर भांडा.