जामीन राहू का? नीतिसूत्रांतून सल्ला शोधताना आणि देताना

पाळकाकडे किंवा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडिलांकडे लोक त्रैक्याचे (एकाच देवातल्या तीन व्यक्तींचे) कोडे घेऊन क्वचितच येतात. येतात ते असे प्रश्न घेऊन: चुलतभाऊ कर्ज काढतोय, जामीन राहू का? अशा वेळी बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली वचने हाताशी हवीत, आणि आयत्या वेळी पाने उलटून ती हाताशी येत नाहीत.

अध्याय 31 असल्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक वाचण्याची पद्धत सोपी आहे. ओळख होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, ती ठीक. पुढे मात्र वही घालावी लागते. 10:1 (अध्याय 10, वचन 1) ते 22:16 या भागात शलमोन राजाची 375 सुटी वचने आहेत आणि ती विषयवार लावलेली नाहीत. जिभेवरचे वचन संपते तोच खोट्या तराजूवरचे सुरू होते. जीभ, राग, पैसा, जामीन, आळस, शेजारी, मुले, न्याय अशा प्रत्येक विषयाला दोन-दोन पाने ठेवा. नुसता संदर्भ टिपू नका, वचन पूर्ण लिहा. अर्धेच पाठ असलेले वचन हमखास चुकीच्या जागी वापरले जाते. 10 ते 15 या अध्यायांत तर बहुतेक वचनांच्या मधोमध ‘पण’ आहे आणि खरा भार त्या ‘पण’च्या पलीकडे असतो.

आता जामिनाचे पान पाहा. 6:1-5, 11:15, 17:18, 22:26-27: चारही ठिकाणी सावधगिरीच. शेवटच्यात तर फेडायला काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल, असे बजावले आहे. आपल्याकडच्या कायद्यानेही, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते.

इथेच वही मिटली तर सल्ला अर्धवट राहील. प्रत्येक विषयात उलट बाजूचे वचन शोधायचेच. 3:27 सांगते की हात देणे शक्य असताना ज्याचे भले करणे योग्य त्याला नाही म्हणू नये. 19:17 म्हणते, दरिद्र्यावर दया करणारा परमेश्वराला उसने देतो. हा विरोध नव्हे, म्हणींचा स्वभावच तो. ‘एकी हेच बळ’ आणि ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ या दोन्ही म्हणी आपण एकाच घरात वापरतो. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको आणि दे, ही दोन वचने 26:4-5 मध्ये लागोपाठ ठेवली आहेत ती उगाच नाहीत. कोणते कधी, हे ओळखणे हेच शहाणपण. दोन्ही पाने समोर ठेवली की जामिनाच्या प्रश्नाला तिसरी वाट दिसते: सही न करता, बुडाली तरी घर चालेल एवढी रक्कम उघडपणे मदत म्हणून देणे.

सल्ला देण्याआधी ऐकणे. गिबोनात शलमोनाने मागितले ते मुळात ‘ऐकणारे हृदय’ (बायबलमधले 1 राजे 3:9). पहिली भेट फक्त ऐकण्यासाठी ठेवा, अर्धा-पाऊण तास, आणि त्या भेटीत वचन काढू नका. 18:13 ऐकण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा म्हणते. भांडण असेल तर 18:17 लक्षात ठेवा: पहिला बोलतो तो खराच वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. मग याकोबाच्या पत्रातली (3:17) कसोटी लावा. आपला सल्ला शांतिप्रिय, सौम्य, पक्षपात नसलेला आहे की आपल्याला त्या घरातली एक बाजू आवडते?

स्वतःसाठी सल्ला घेताना शलमोनाचा मुलगा रहबाम आठवावा (1 राजे 12). त्याने वडीलधाऱ्यांना विचारले, मग सोबत वाढलेल्या तरुणांना विचारले आणि आवडले ते केले. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! इस्राएलाचे दहा वंश त्याच्या राज्यातून फुटून गेले. तुमच्यावर कशासाठीही अवलंबून नसलेली दोन माणसे सल्ल्याला निवडा. पंचमंडळात (मंडळीच्या कारभारी समितीत) तुमच्या मर्जीने आलेला माणूस यात धरू नका.

दोन वचने विशेष जपून वापरा. 22:6 मुलाला योग्य मार्गाचे शिक्षण देण्याविषयी आहे. ते सर्वसाधारण सत्य आहे, हमी नव्हे. मुलगा बिघडलेल्या आईबापांपुढे ते वाचले की तो आरोप होतो. दुसरे 29:18. इमारत निधीच्या सभेत ‘पुढाऱ्याला दृष्टी हवी’ म्हणून ते हमखास निघते. तिथला शब्द संदेष्ट्याला मिळणाऱ्या ईश्वरी दृष्टान्ताचा आहे आणि उत्तरार्ध धर्मशास्त्र पाळण्याविषयी. पुढाऱ्याच्या योजनांचा तिथे संबंध नाही.

घरी मारहाण, जिवाला धोका किंवा मुलांवर अत्याचार असेल तर समेटाची वचने बाजूला ठेवा. आधी सुरक्षितता: तातडीच्या मदतीसाठी फोन 112, मुलांसाठी 1098. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे; गुप्तता राखण्याचा दिलेला शब्द तिथे लागू होत नाही.

घरसभेत हेच शिकवायचे तर आठ-दहा माणसे, पाऊण तास आणि जास्तीत जास्त पाच वचने. गीत-प्रार्थनेला पाच मिनिटे, मोठ्याने वाचायला दहा. प्रत्येक वचन दोघांनी वाचावे, जमल्यास एकाने पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातून, म्हणजे शब्दांतला फरक कानाला जाणवतो. वीस मिनिटे एकच प्रश्न: हे वचन कधी लागू पडत नाही? पहिल्यांदा सगळे गप्प बसतील. बसू द्या, पाळकाने ती शांतता भरली की सभा प्रवचन होते. उरलेली दहा मिनिटे प्रत्येकाने आपल्या आठवड्यासाठी एक वचन निवडायला. मंडळीतल्या कोणाचा चालू प्रश्न उदाहरण म्हणून घेऊ नका. नाव आणि गाव बदलले तरी छोट्या मंडळीत माणूस ओळखू येतो.

वहीच्या शेवटच्या पानांवर दिलेल्या सल्ल्यांची तारीख टाका, नाव नको. तीन महिन्यांनी त्या माणसाला विचारा, पुढे काय झाले? सल्ला चुकला असेल तर त्याच्यापाशी तसे कबूल करा आणि वहीत त्या वचनापुढे ते टिपा.