योगोपचाराचं पुढचं प्रशिक्षण घेताय? या चुका टाळा

बडोद्यात योगाची बॅच चालवणाऱ्याकडे वर्षभरात कुणीतरी आजार घेऊन येतंच. कारेलीबागेतल्या एखाद्या बेन विचारतात, "सर, डायबिटीसवर कयुं आसन?" पुढच्या आठवड्यात दांडिया बाजारातले काका एमआरआयची पिशवी घेऊन हजर. मग शिक्षकाला वाटतं, आता थेरपीचा कोर्स करायलाच हवा. विचार योग्य आहे. गडबड होते ती कोर्स निवडताना, आणि त्याहून जास्त तो झाल्यावर.

आधी कागदाचं बघू. योगा अलायन्स या अमेरिकेतल्या संस्थेची २००, ३०० आणि ५०० तासांची नोंदणी योग शिकवण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही. त्या संस्थेने २०१६ मध्ये आपल्या नोंदणीकृत शिक्षकांना तिच्या यादीतल्या माहितीतून 'थेरपी' आणि 'थेरपिस्ट' हे शब्द काढायला सांगितलं होतं. तरीही ५०० तास झाले की व्हिजिटिंग कार्डावर 'योगा थेरपिस्ट' छापणारे आपल्याकडे कमी नाहीत. आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाने शिक्षकांची आणि थेरपीची वाट वेगळी ठेवली आहे. थेरपीच्या वाटेवर असिस्टंट योगा थेरपिस्ट, योगा थेरपिस्ट आणि थेरप्युटिक योगा कन्सल्टंट अशा पायऱ्या आहेत. फी भरण्याआधी कोर्सवाल्यांना एवढंच विचारा: खरे रुग्ण किती बघायला मिळतील, आणि मी त्यांना काय दिलं ते कोण तपासणार? उत्तरादाखल फक्त व्हिडिओंची संख्या आणि पीडीएफचं कौतुक ऐकू आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

आजाराची यादी पाठ करणे

सगळ्यात मोठी चूक हीच. मधुमेहाला मंडूकासन, थायरॉइडला सर्वांगासन, कंबरदुखीला भुजंगासन. परीक्षेत या यादीला गुण मिळतात, म्हणून ती वहीतून वर्गात येते.

दोन कंबरा घ्या. एक मांडवीतल्या दुकानदाराची: दिवसभर गादीवर बसून हिशेब, वाकलं की कळ पायात उतरते. दुसरी अडुसष्ट वर्षांच्या आजींची: हाडं ठिसूळ, उंचीही थोडी कमी झालेली. दोघांच्या फाइलवर 'बॅक पेन' एवढंच लिहिलेलं असतं. दुकानदाराला पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून पुढे वाकणं, दिलं तर कळ वाढेल, आणि आजींना दिलं तर मणका दबून मोडू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९८४ मधला अभ्यास थेरपी शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा. पाठीची हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले, त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांना पुढे मणक्याची नवी मोडतोड झाली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. अभ्यास छोटा होता, पण त्याचा इशारा स्पष्ट आहे. अशा आजींना आधी पाठ सरळ ठेवून खुर्चीवरून उठायला आणि जमिनीवरची वस्तू कंबरेतून न वाकता उचलायला शिकवा. योगासनांच्या चार्टमध्ये हे सापडणार नाही.

यादीचा दुसरा घोटाळा असा, की माणूस एकच आजार घेऊन येत नाही. मधुमेहासाठी आलेल्या काकांना काचबिंदू असू शकतो. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, आणि अधोमुख श्वानासनातही तो वाढतो. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर उलटी आसनं, जोरकस कपालभाती आणि श्वास रोखून जोर लावणं, सगळंच टाळायचं. काका हे आपणहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी डोळ्यांचा आणि योगाचा काय संबंध?

न विचारणे

म्हणून पहिल्या भेटीत चटई उघडूच नका. कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणती ऑपरेशनं झाली, डोळे कधी तपासले, अलीकडे कधी पडलात का, रात्री दुखण्याने जाग येते का, हे विचारा. गोळ्यांची पट्टीच आणायला सांगा, कारण 'बीपीची एक लहान गोळी' यातून काही कळत नाही. औषधाच्या नावाच्या शेवटी 'लोल' असेल, जसं मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल, तर नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेऊ नका. ते औषध नाडी वाढू देत नाही. त्यापेक्षा त्यांना पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: आज उपास आहे का? आपल्याकडे श्रावण, एकादशी, नवरात्र, अधिक महिना, सगळं पाळलं जातं आणि सकाळची सहाची बॅचही चुकवायची नसते. गोळी घेतली, पोट रिकामं, वर पाऊण तास सूर्यनमस्कार. हात थरथरले, घाम फुटला, माणूस उगाच चिडचिड करू लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर 'ऊर्जा जागी होतेय' असं समजू नका. ग्लुकोमीटर असेल तर बघा. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मीटरच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

बडोद्याच्या ऋतूंकडे दुर्लक्ष

उत्तरायणात १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर पतंग उडवत गच्चीवर मान वर करून उभं असतं. सोळाला वर्गात अवघडलेल्या माना येतात, आणि आपण त्यांना काय देतो? मान गोल फिरवणं आणि भुजंगासनात वर बघणं. दोन दिवस मागे वाकलेल्या मानेला आणखी मागे वाकवण्यात कसलं शहाणपण? तिला मधल्या रेषेत आणा, हनुवटी हळूच आत, खांदे मोकळे, आणि पोटावर झोपण्याऐवजी पाठीवर झोपवून डोक्याखाली चादरीची घडी. हाताला मुंग्या येत असतील, किंवा बटण लावताना बोटं साथ देत नसतील, तर आसन राहू दे, डॉक्टर आधी.

नवरात्रानंतर गुडघे आणि टाचा येतात. नऊ रात्री अनवाणी गरबा खेळलेल्या गुडघ्याला सूज असेल आणि तो हाताला गरम लागत असेल, तर वज्रासन आणि पद्मासन दोन्ही बंद. खुर्चीवर बसून पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळणं एवढंच काही दिवस पुरतं. पालकांना हे अपुरं वाटतं, पोरीला तर शरद पौर्णिमेलाही खेळायचं असतं. तुम्ही मात्र बधू नका.

सत्र बिघडलं तर

सायटिकाच्या माणसाला आसन दिल्यावर कळ कंबरेकडून पोटरीकडे उतरली, तर ते आसन लगेच थांबवा. कळ पायातून वर सरकून कंबरेत गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी दिशा बरोबर आहे. नव्या शिक्षकांची इथेच उलटापालट होते, कारण ते फक्त 'दुखतंय का?' विचारतात, 'कुठे?' विचारत नाहीत. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायला शिकवा. साधारण तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत बसलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर मात्रा निम्मी करा.

शवासनातून उठताना चक्कर येणारे बहुधा बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांवर असतात. त्यांना कुशीवर वळू द्या, मिनिटभर बसू द्या, मग भिंतीला धरून उभं करा.

प्राणायामात कुणी घाबरं झालं, छाती आवळल्यासारखं वाटलं, तर कुंभक (श्वास रोखणं) सोडून डोळे उघडायला लावा, तळवे जमिनीला टेकवून श्वास फक्त सावकाश सोडायला सांगा. डोळे मिटून आत बघणं प्रत्येकालाच शांत करत नाही. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम येत असेल, तर तो प्राणायामाचा प्रश्न नाही, रुग्णवाहिका बोलवा. कंबरदुखीसोबत बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. उद्याचं सत्र संपेपर्यंतही थांबायचं नाही.

शंखप्रक्षालनाबद्दल, म्हणजे मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याच्या क्रियेबद्दल, थोडक्यात: ज्याला बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्याला लिटरच्या लिटर मिठाचं पाणी पाजणं धोक्याचं आहे. शिबिरात सगळ्यांना एका रांगेत बसवून हे करू नका.

गोळी सोडायला सांगणे

तीन महिन्यांत साखर खाली आली की रुग्ण विचारतो, "सर, गोळी बंद करू?" मोह होतो, कारण यश आपलं दिसतं. उत्तर एकच द्या: रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, डोस ते ठरवतील. साखर खाली येत असताना जुना डोस तसाच राहिला तरी धोका असतो, त्यामुळे ही भेट लांबवूही देऊ नका.

नोंद न ठेवणे

स्वामी कुवलयानंद आपल्या डभोईचे. बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. नौली आणि उड्डियान करताना पोटात काय होतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या नियतकालिकात छापायला सुरुवात केली. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या कितीतरी वर्गांत रुग्णाची एक वहीही नसते, हे मला खटकतं.

प्रत्येक रुग्णाला एक पान पुरतं. तारीख, त्याच्या शब्दांत तक्रार, तुम्ही दिलेल्या दोन-तीन गोष्टी (बारा नाही), करतानाचा त्रास, दुसऱ्या सकाळचा त्रास, बदललेली गोळी. डॉक्टरांना चिठ्ठी लिहायची वेळ आली की याच पानावरून चार ओळी उतरवा: काय देतोय, काय दिसलं, काय टाळलंय, कशाबद्दल सल्ला हवा. निदान लिहू नका, आसनांची संस्कृत नावंही नकोत. 'पाठीवर झोपून एक-एक गुडघा छातीकडे' असं लिहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना कळतं, आणि तेही उत्तर धाडतात.