हांगझोऊला निघण्याआधी: सरोवर, डोंगर आणि चहाच्या मळ्यांसाठी तयारीची यादी

हांगझोऊ शांघायपासून वेगवान रेल्वेने तासाभरावर आहे, आणि हेच त्याच्या मुळावर येतं. बहुतेक सहली ते एका दिवसात उरकतात: सकाळी बोट, दुपारी मंदिर, संध्याकाळी रेशमाचं दुकान, रात्री परत शांघाय. म्हणून यादीतली पहिली गोष्ट बॅगेत भरायची नाही, कॅलेंडरवर लिहायची आहे. या शहराला किमान तीन रात्री द्या, जवळचे डोंगरही बघायचे असतील तर पाच. वेस्ट लेक, म्हणजे चिनी लोकांचं शी हू, साधारण साडेसहा चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या काठावर चालायचं, थांबायचं, बसायचं. बाकीची सगळी तयारी तिथे निवांत बसता यावं यासाठीच करायची.

तारखा ठरवताना आधी चिनी सुट्ट्या बघा. 1 ते 7 ऑक्टोबर हा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि मे महिन्याचे पहिले काही दिवस सरळ टाळा. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी डॅमवर जी गर्दी असते, तिच्या कैकपट गर्दी त्या दिवसांत सरोवरावरच्या पुलांवर असते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथला संततधार पाऊस, त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत घामाघूम करणारा उकाडा. कमळं मात्र याच उकाड्यात फुलतात, त्यामुळे कमळांसाठी जाणाऱ्यांनी पहाटे बाहेर पडायची तयारी ठेवावी. मार्चअखेर ते एप्रिल म्हणजे काठावरचे पीच आणि कोवळ्या पालवीतले विलो. माझी पसंती ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला. तेव्हा ऑस्मँथस, म्हणजे चिनी लोकांचं ग्वेहुआ, फुललेलं असू शकतं. हे हांगझोऊचं अधिकृत फूल आहे, आणि त्या दिवसांत अख्ख्या गल्ल्या गोड वासाने भरून जातात.

कागदपत्रांचं काम सगळ्यात आधी हातात घ्या. भारतीय पासपोर्टला चीनचा पर्यटक व्हिसा लागतोच. युट्यूबवर 'दहा दिवस व्हिसाशिवाय चीन' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण वाटेत थांबून तिसऱ्या देशाला जाणाऱ्यांसाठीच्या 240 तासांच्या त्या ट्रान्झिट सवलतीच्या यादीत भारत नाही. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेल्या आपल्या नातेवाइकांचे नियम वेगळे, त्यांच्यावरून आपला हिशोब करू नका. मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास आहे. कागदपत्रांची ताजी यादी तिथूनच घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली आहेत. तुमच्या शहरातून थेट विमान नसेल तर हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकमार्गे जाता येतं. हांगझोऊत नोकरीला असलेल्या मित्राकडे उतरणार असाल तर पोहोचल्यापासून 24 तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर ते काम हॉटेलवाले करतात.

आता फोन, आणि इथे जरा थांबून नीट वाचा. हांगझोऊत फोन हेच पाकीट आहे. अलीबाबा ही कंपनी याच शहरात 1999 साली सुरू झाली, आणि भाजीवाल्या आजींपासून बोटवाल्यांपर्यंत सगळे क्यूआर कोडवर पैसे घेतात. तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही तेच आहे. हो, पण आपलं यूपीआय तिथल्या कोडवर चालेल असं धरून चालू नका. निघण्यापूर्वी घरीच पैसे देण्याचं अलीपे ॲप उतरवा, पासपोर्टने ओळख पडताळणी पूर्ण करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, हे बँकेच्या ॲपमध्ये तपासा. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो, ते सिम रोमिंगसकट चालू ठेवा. 200 युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डाला 3 टक्के शुल्क पडतं. वीचॅट या गप्पांच्या आणि पैसे देण्याच्या चिनी ॲपमध्येही दुसरं एखादं कार्ड जोडून ठेवा, एक अडलं तर दुसरं हाताशी राहील. थोडे रोख युआन सुट्ट्या नोटांत जवळ असू द्या. त्यातल्या एक युआनच्या नोटेमागचं चित्र जपून बघा, ते वेस्ट लेकमधल्या दगडी दीपस्तंभांचं आहे.

गुगल, व्हॉट्सॲप, युट्यूब, इन्स्टाग्राम तिथल्या नेटवर उघडत नाहीत. आपल्या सिमचं रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर सहसा चालतात, पण हॉटेलच्या वायफायवर चालणार नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मेसेजवर एकच टिकची खूण पाहून आईवडील काळजीत पडतात. नकाशासाठी अमॅप हे चिनी ॲप घ्या. गुगलचा नकाशा उघडला तरी तिथे ठिकाणं सरकलेली दिसतात. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवा, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट करून ठेवा.

रेल्वेचं आरक्षण पासपोर्टच्या नंबरावर होतं आणि पासपोर्ट हेच तिकीट, म्हणून तो रोज अंगाशी हवा. स्टेशनात आणि मेट्रोत सामान स्कॅनरमधून जातं, तेव्हा फळं कापायची मोठी सुरी घरीच ठेवा. पॉवर बँकेकडेही लक्ष द्या. जून 2025 च्या अखेरीपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 3सी ही चीनची सुरक्षा-प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, आणि आपल्याकडच्या अनेकांवर ती खूण नसते. आपला जाड गोल तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, ॲडॅप्टर घ्या. स्वच्छतागृहांत कागद असेलच असं नाही, म्हणून टिश्यूचं पाकीट खिशात ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की सार्वजनिक ठिकाणी बऱ्याचदा उकिडवं बसायचे संडास असतात. थर्मास मात्र आवर्जून न्या. गरम पाणी रेल्वेत, स्टेशनवर, सगळीकडे मिळतं.

खाऊ नेताना ताजी फळं, दुधाचे पदार्थ, मांस आणि बिया वगळा, चिनी कस्टम्समध्ये त्यांना मनाई आहे. पेढे-बर्फी राहू द्या, चिवडा आणि भाकरवडी पुरे. शाकाहारी मंडळींनी 'मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा काही नको' एवढं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवावं, कारण साध्या दिसणाऱ्या पालेभाजीतही डुकराची चरबी किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. आणि निराश होऊ नका. चिनी बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे मठाच्या भोजनगृहात माळकरी मंडळींनाही पोटभर जेवता येतं. मांसाहारींनी तोंगपो पोर्क खाऊन बघावं. ज्याच्या नावाने तो पदार्थ ओळखला जातो, त्या माणसाची ओळख मात्र आधी करून घ्यावी.

ही ओळख म्हणजे माझ्या मते यादीतला सगळ्यात मोलाचा भाग. सू तोंगपो हा कवी 1089 साली हांगझोऊचा प्रशासक होऊन आला, तेव्हा सरोवर शेवाळाने आणि गाळाने भरत चाललं होतं. त्याने गाळ उपसून घेतला आणि त्याच गाळाचा 2.8 किलोमीटरचा बांध घातला. तोच आजचा सू बांध, सहा कमानी पुलांचा, दोन्ही बाजूंना विलो आणि पीच असलेला. मूळ खाडीचा तुकडा असलेलं हे पाणी माणसांनी शतकानुशतकं उपसलं म्हणूनच सरोवर राहिलं, नाहीतर तिथे आज शेतं असती. युनेस्कोने 2011 साली त्याला जागतिक वारसा म्हटलं, ते अशा माणसांनी घडवलेल्या निसर्गासाठीच. सू बांधावरून सकाळी सहाला चाला, दहाला नको.

दक्षिण काठावरचा लेइफेंग मनोरा 975 सालचा. त्याच्या विटा घरात ठेवल्या की भलं होतं अशा समजुतीने लोक त्या पोखरून नेत राहिले आणि 25 सप्टेंबर 1924 रोजी तो कोसळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रवींद्रनाथ ठाकूर हांगझोऊला येऊन गेले होते, म्हणजे जुना मनोरा उभा असताना. आजचा मनोरा 2002 चा आहे. माणसावर प्रेम करणारी श्वेत नागीण या मनोऱ्याखाली कोंडली गेली, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती वाचून जा, म्हणजे उत्तरेकडच्या 'तुटका पूल' नावाच्या पुलावर लोक इतके का रेंगाळतात ते कळेल. वायव्य काठावर सेनापती युए फेईचं स्मारक आहे. खोट्या आरोपावरून 1142 साली त्याला ठार करण्यात आलं, आणि त्याला गोवणाऱ्यांचे लोखंडी पुतळे आजही त्याच्या समाधीसमोर गुडघे टेकून आहेत. तेव्हा हे शहर दक्षिण सोंग राजवटीची राजधानी होतं, 1138 ते 1276.

लिंगयिन मंदिरासाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि प्रवेशाची नोंदणी आधी करायची आहे का ते बघा. परंपरा सांगते की हे मंदिर चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने स्थापन केलं. समोरचा चुनखडीचा डोंगर पाहून तो म्हणाला, हे तर आपल्याकडचं गृध्रकूट, इथे कसं उडून आलं! तेव्हापासून त्या डोंगराचं नाव फेइलाइ फेंग, उडून आलेलं शिखर. राजगीरचं गृध्रकूट आणि हे शिखर यांत हजारो कोसांचं अंतर आहे. पण त्या कातळात दहाव्या ते चौदाव्या शतकात कोरलेले शेकडो बुद्ध आणि बोधिसत्त्व पाहताना अजिंठा-वेरूळ जवळून बघितलेल्या माणसाचे पाय जागीच थांबतात. छोटी टॉर्च न्या, गुहांतली शिल्पं अंधारात आहेत. दगड ओले असतात, तळव्याला पकड असलेले बूट घाला.

तेच बूट लोंगजिंगच्या चहाच्या मळ्यांत उपयोगी पडतील. लोंगजिंग गावातून नऊ ओढ्यांच्या वाटेने च्येनतांग नदीकडे उतरत जाणारी पायवाट मला सरोवराइतकीच प्रिय आहे. एप्रिलच्या पाच तारखेच्या सुमारास छिंगमिंग सण येतो, त्याआधी खुडलेला चहा सगळ्यात महाग. चहा घ्यायचाच असेल तर आधी चहा संग्रहालय बघा, ते विनामूल्य आहे. मग गावात बसून चव घ्या, आणि रस्त्यात गाठून 'माझ्या घरी चला' म्हणणाऱ्याकडून भाव न विचारता घेऊ नका.

च्येनतांग नदीत समुद्राच्या भरतीने उठणारी लाट बघायची असेल तर पंचांग काढा. चिनी आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी ती सर्वांत मोठी असते, म्हणजे आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेनंतर साधारण तीन दिवसांनी. हायनिंगजवळच्या यानग्वानला ती उत्तम दिसते. कठड्याच्या आत उभे राहा. या लाटेने माणसं ओढून नेली आहेत.

दूरच्या पाण्यासाठी छ्येनदाओ सरोवर, म्हणजे हजार बेटं. 1959 च्या धरणाने तिथलं खोरं भरलं, डोंगरमाथ्यांची बेटं झाली, शीचेंग हे जुनं शहर पाण्याखाली गेलं आणि जवळपास तीन लाख माणसं उठली. बोटीत बसण्याआधी एवढं माहीत असावं. डोंगरासाठी ह्वांगशान. 2018 च्या अखेरीपासून हांगझोऊहून थेट वेगवान रेल्वे जाते, ह्वांगशान उत्तर स्थानकावरून बसने पायथ्याचं तांगकौ गाठायचं. सर्वोच्च शिखर 1864 मीटर, वाटा पूर्ण दगडी पायऱ्यांच्या. केबल कारने वर गेलात तरी वरचे चढ-उतार पायांनाच करायचे असतात, म्हणून महिनाभर आधी जिने चढायला लागा. सूर्योदयासाठी वर मुक्काम हवा, आणि वरची हॉटेलं महाग असून लवकर भरतात. मोठी बॅग खालीच ठेवा. वर न्यायच्या पिशवीत पासपोर्ट, गरम कपड्यांचा एक थर, छत्रीऐवजी रेनकोट, गुडघ्याचा पट्टा आणि दोन वेळचा सुका खाऊ असावा. धुक्यात काहीच दिसलं नाही तर दुसरी सकाळ हाताशी असावी, यासाठी परतीचं तिकीट दुपारनंतरचं काढा.