स्कॉटिश सालगडी सापडत नाही? मुलांची जन्मगावं बघा

पूर्वजांचा माग काढताना व्हिक्टोरियाच्या काळातल्या स्कॉटिश खानेसुमारीत एखादा नांगऱ्या १८६१ ला सापडतो आणि १८७१ ला त्याच गावातून गायब! ही माणसं सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या बोलीवर राबायची. मुदत संपली की बिऱ्हाड पाठीवर. म्हणून बापाला शोधत बसू नका.

१. जन्मस्थळाचा रकाना बघून मुलं वयानुसार लिहून काढा. समजा थोरला टरिफचा, मधली फायवीची, धाकटा मेथलिकचा. झालं, ॲबरडीनशायरमधली त्यांची वाट कागदावर उमटली.

२. पुढची नोंद शेवटच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागात) आणि तिच्या आसपास शोधा. शोधायला सगळ्यांत वेगळ्या नावाचं मूल घ्या. जॉन आणि जेम्स ढिगानं निघतात.

३. १८६१ पासूनचा जन्मदाखला मिळाला तर सोनंच. त्यावर आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण असतं.

थोरला घरात दिसला नाही तर तो वारला असं धरू नका. पोरगेलेपणीच चाकरीला लागलेल्यांची नोंद मालकाच्या शेतावर होते.

१८४१ च्या खानेसुमारीत मात्र ही युक्ती चालत नाही. तिथं जन्म त्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) की नाही, एवढंच कळतं. शिवाय मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली. २९ चा गडी २५ चा दिसतो.